मायट्रल रिपेअरचा वेट लॅब कोर्स केला, पैसे वसूल झाले पण ते एका मशीनमुळे

आधी निकाल सांगते मग बाकीचं पाल्हाळ. प्राण्याच्या हृदयावर मायट्रल झडप दुरुस्त करायला शिकवणारा दोन दिवसांचा कोर्स, फी साडेअठरा हजार अधिक जीएसटी, जेवण बरं, चहा वाईट, लेक्चरं झोप आणणारी, इन्स्ट्रुमेंट्स अर्धी बोथट, आणि एवढं सगळं असूनही मी पुन्हा जाईन कारण त्यांच्याकडे एक मशीन आहे ज्यात आपण शिवलेला व्हॉल्व्ह बसवून तो चालू करून बघता येतो. बस. बाकी सगळं कुठेही मिळेल, हे मिळत नाही.

मी सीव्हीटीएसची, म्हणजे हृदय-छातीच्या सर्जरीची, एमसीएच करतेय, शेवटचं वर्ष. सरकारी हॉस्पिटल, पेशंट भरपूर, पण मायट्रल रिपेअर आपल्या हाताला किती येतं ते आमच्यातल्या कुणालाही विचारा. रिपेअर म्हटलं की बॉस स्वतः करतात, साहजिक आहे, ती करायची वस्तूच तशी आहे, आपण सक्शन धरायचं आणि गाठी मारताना दोरा ओला करायचा. रिप्लेसमेंट मात्र बऱ्यापैकी करायला देतात. मग रिपेअर शिकायचं कुठे? तर पहिली दोन वर्षं आम्ही हॉस्टेलवर मटणवाल्याकडून बकऱ्याचं दिल आणून त्यावर प्रॅक्टिस करायचो. यातसुद्धा गंमत आहे, पहिल्यांदा मी भाबडेपणाने "काळीज द्या" म्हटलं तर त्याने लिव्हर तोलून दिली. मग कळलं दिल म्हणायचं. दिल मिळालं तर तो सवयीने मधोमध चिरून, धुऊन, रक्त काढून स्वच्छ करून द्यायचा, म्हणजे व्हॉल्व्हचे दोन तुकडे. शेवटी त्याला समजावून ठेवलं, "भाऊ, अख्खं द्या, सुरी लावू नका". तो म्हणायचा डॉक्टरीणबाईंना कालवण वेगळंच लागतं.

तर त्या बकऱ्याच्या दिलावर काय करायचो, तर ॲन्युलसवर, म्हणजे झडपेच्या गोल चौकटीवर, टाके टाकायचे, सलाईनच्या नळीचा तुकडा वाकवून त्या चौकटीला आधार देणारी रिंग करायची आणि शिवायची, मग सिरिंजने व्हेंट्रिकलमध्ये, म्हणजे खालच्या कप्प्यात, पाणी भरायचं, पाणी वर आलं नाही की टाळ्या. वर्षभर अशा टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या किती फुकटच्या होत्या ते या कोर्सला कळलं.

जे मेडिकलवाले नाहीत आणि घरात कुणाला "व्हॉल्व्ह लीक आहे" असं सांगितल्यामुळे इथपर्यंत वाचताय त्यांच्यासाठी थोडक्यात. डाव्या बाजूच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यामध्ये मायट्रल नावाची झडप असते, तिला दोन पाकळ्या, पुढची आणि मागची. पाकळ्यांच्या कडांना बारीक दोऱ्या असतात, कॉर्डे म्हणतो आम्ही, आणि त्या दोऱ्या खाली दोन स्नायूंच्या खुंट्यांना (पॅपिलरी) बांधलेल्या असतात. हृदय आकुंचन पावलं की झडप मिटते आणि दोऱ्या तिला वरच्या कप्प्यात उलटू देत नाहीत. पावसात छत्री उलटी होते ना, काड्या धरून असतात तोवर होत नाही, तसंच. दोरी तुटली किंवा लांबली की पाकळी उलटते आणि रक्त मागे फेकलं जातं. दर ठोक्याला जेवढं रक्त पंप होतं त्यातलं अर्ध किंवा त्याहून जास्त मागे जात असेल तर आम्ही सिव्हिअर म्हणतो. मग एकतर झडप बदला नाहीतर दुरुस्त करा. स्वतःची झडप दुरुस्त होत असेल तर ती चांगली, मेकॅनिकलसारखी आयुष्यभर वॉरफॅरिन (रक्त पातळ ठेवायचं औषध) आणि त्यासाठीच्या आयएनआर तपासणीची कटकट नाही. पण दुरुस्ती नीट झाली पाहिजे, ही अट.

आता कोर्स. पुण्याच्या जरा बाहेर, सकाळी साडेआठची वेळ दिलेली, सुरू झाला पावणेदहाला. त्यात पहिले दोन तास लेक्चर. कार्पेंतिए या फ्रेंच सर्जनचं लीकचं क्लासिफिकेशन, टाइप वन टू थ्री, पुढच्या पाकळीचे ए-वन ए-टू ए-थ्री आणि मागच्या पाकळीचे पी-वन पी-टू पी-थ्री असे भाग, हे सगळं आम्ही परीक्षेला पाठ केलेलं असतं, साडेअठरा हजार देऊन परत तीच स्लाइड बघायची म्हणजे जिवावर येतं. एक सर मात्र चांगले बोलले, त्यांनी स्लाइड न लावता फळ्यावर ॲन्युलस काढला आणि घड्याळासारखा फिरवून दाखवला, इथे हृदयालाच रक्त देणारी सर्कमफ्लेक्स आर्टरी आहे पी-वनच्या बाजूला, सुई खोल गेली की टाक्यात सापडली, इथे मागच्या कॉमिशरच्या (पाकळ्या जुळतात तो कोपरा) पलीकडे ठोक्याचा सिग्नल पुढे पाठवणारा एव्ही नोड, इथे समोर ॲओर्टिक व्हॉल्व्हच्या पाकळ्या, आणि या सगळ्यांच्या मधून तुम्हाला डझनभर टाके घालायचे आहेत. "रिंग शिवताना मनात नकाशा नसेल तर शिवू नका" एवढंच म्हणाले आणि खाली बसले. ते पंधरा मिनिटांचं होतं, ते ठेवून बाकीचं सगळं कापलं तरी चालेल.

मग टेबलं. दोघांत एक डुकराचं हृदय. डुकराचं का, तर आकार आणि रचना माणसाच्या बरीच जवळ, बकऱ्याचं फार लहान पडतं, बकऱ्यावर शिकलं की हात उगाच आखडलेला राहतो. आमच्या टेबलावर मामा होते, कोर्सवाल्यांचे अटेंडंट, पन्नाशीचे असतील, त्यांनी हृदय अशा सफाईने साफ करून दिलं की आमचे सिनिअर रेसिडेंट लाजतील. डावं ॲट्रियम, म्हणजे वरचा कप्पा, उघडून दोन रिट्रॅक्शनचे टाके टाकून झडप समोर आणून ठेवली आणि म्हणाले, "मॅडम, पी-टू तुमच्या बोटापाशी". एक सहकारी घरी पक्का शाकाहारी, तो पूर्ण दोन दिवस दोन ग्लोव्ह घालून होता आणि लंचला फक्त दहीभात. त्यांच्याकडे सिलिकॉनची झडपही आहे प्रॅक्टिसला, ज्यांना प्राण्याचं नको त्यांच्यासाठी, मी हात लावून बघितली, टाक्याची दिशा आणि अंतर शिकायला चालेल, पण सुई जाताना जो ऊतीचा प्रतिसाद येतो तो काही येत नाही, रबरात सुई घातल्यासारखं वाटतं कारण ते रबरच आहे.

इन्स्ट्रुमेंट्सबद्दल तक्रार: नीडल होल्डरचे जबडे झिजलेले, टू-झिरो धाग्याची सुई सारखी फिरत होती. फीमध्ये "फुल कार्डिॲक सेट" असं लिहिलेलं होतं. टाके एक्स्पायरी झालेले, त्याबद्दल तक्रार नाही, प्रॅक्टिसला आपणही तेच वापरतो. पण रिंगच्या सायझरचे सेट दोनच आणि टेबलं आठ, त्यामुळे पुढच्या पाकळीची उंची मोजायला रांग. मी शेवटी डोळ्याने ठरवलं आणि ३२ घेतली, ती मोठी निघाली.

दुपारी जेवणानंतर खरी गोष्ट. आमचा नंबर चारला लागला.

शेजारच्या खोलीत ते मशीन. पहिल्यांदा बघितलं तर निराशा होते, ॲक्रिलिकचे डबे, नळ्या, एक मोटर, एक लॅपटॉप, फिश टँकवाल्याच्या दुकानात आल्यासारखं वाटतं. डाव्या हृदयाचं सिम्युलेटर. एका बाजूला पिस्टन पंप, तो मिनिटाला ७० ठोके देतो, मधल्या पारदर्शक डब्याला व्हेंट्रिकल समजायचं, वर ॲट्रियमचा डबा, पुढे ॲओर्टाच्या (हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीच्या) झडपेच्या जागी एक मेकॅनिकल व्हॉल्व्ह, त्यानंतर एक हवेची पिशवी जी रक्तवाहिनीच्या लवचिकतेचं काम करते आणि एक आवळायचा पेच जो रेझिस्टन्स देतो. पेच आणि पिशवी जुळवून जुळवून प्रेशर १२० बाय ८० ला आणायचं, फ्लो मिनिटाला ५ लिटरच्या आसपास. प्रेशर मोजणारे ट्रान्सड्यूसर तेच जे आपण आयसीयूत आर्टरीतलं बीपी बघायच्या आर्ट लाइनला लावतो, अगदी तेच, पांढऱ्या झाकणाचे, मला उगाच घरच्यासारखं वाटलं. आत रक्त नाही, नॉर्मल सलाईन.

ते मशीन चालवणारी इंजिनिअर, बायोमेडिकलवाली, वयाने आमच्याहून लहानच असेल पण सगळे तिला ताईच म्हणत होते, तिने आमची झडप हातात घेतली आणि पहिलं वाक्य, "तुमचे पॅपिलरी नीट सोडवलेले नाहीत". म्हणजे झडप हृदयातून काढताना ॲन्युलसभोवती एक कड ठेवायची आणि खाली दोन्ही पॅपिलरी स्नायू कॉर्डेसकट अखंड ठेवायचे. कड एका सिलिकॉनच्या चकतीला गोल शिवायची, पॅपिलरी दोन दांड्यांवर टाचायचे, दांड्या वरखाली आणि आतबाहेर सरकवता येतात. हे बसवायलाच पाऊण तास गेला. इथे वेळ वाया जातो असं वाटेल पण मी सांगते, मायट्रल ही नुसती दोन पाकळ्यांची झडप नसून खालच्या खुंट्यांपर्यंतचं सगळं एक यंत्र आहे हे आम्ही व्हायवात शंभर वेळा बोललोय, ते या पाऊण तासात हाताला कळलं.

आणि मग तिने मोटर चालू केली.

काय सांगू. वर ॲट्रियमच्या डब्यावर कॅमेरा आहे, स्क्रीनवर झडप अगदी तशीच दिसते जशी ऑपरेशनला आपल्याला दिसते, वरून, समोरासमोर, फक्त ती चालू असते. उघडते, मिटते, उघडते, मिटते. आमच्या टेबलावरचे सगळे गप्प. कारण बघा, आपण एवढी मायट्रल ऑपरेशनं बघतो पण चालू झडप डोळ्याने कधीच बघत नाही. आपण बघतो तेव्हा कार्डिओप्लेजिया देऊन हृदय थांबवलेलं असतं, झडप लोळागोळा होऊन पडलेली असते. ती काम करायला लागते तेव्हा आपण ॲट्रियम शिवून बंद केलेलं असतं आणि मग काय ते इको सांगणार, करड्या पडद्यावर निळे लाल ठिपके. म्हणजे ज्या वस्तूची दुरुस्ती करतो ती चालताना कशी दिसते हे मिस्त्रीलाच माहीत नसावं असा प्रकार. इथे ती दिसते.

मग कोर्सचा मुख्य भाग. ताईने कात्रीने पी-टूच्या दोन मुख्य दोऱ्या कापल्या. मोटर चालू. पाकळी छत्रीसारखी वर उलटली आणि सलाईनचा फवारा थेट ॲट्रियमच्या भिंतीवर, पुढच्या बाजूला. मागची पाकळी उलटली की जेट पुढे जातो हे पुस्तकात असतंच, पण तो फवारा बघितल्यावर विसरायची सोय राहत नाही. स्क्रीनवर रिगर्जिटंट फ्रॅक्शन, म्हणजे मागे जाणाऱ्या पाण्याचा टक्का, पन्नाशीच्या पुढे गेलं.

पहिला प्रयत्न माझा. झडप काढून टेबलावर आणली, पीटीएफईची कृत्रिम कॉर्ड टाकली, सीव्ही-फाइव्हचा धागा, पॅपिलरीतून घेऊन पी-टूच्या कडेला, आणि रिंग. ३२, तीच मोठी. पीटीएफई ज्यांनी बांधला आहे त्यांना माहीत आहे तो किती निसरडा असतो, गाठ बसवताना लांबी कायम ठेवणं ही खरी कला आणि गाठ बसलीच आहे असं वाटतं पण ती सरकते. मी सहा गाठी मारल्या. सिरिंजने व्हेंट्रिकल भरलं. सुंदर. कडा हसल्यासारख्या मिटल्या, एक थेंब वर नाही. इंक टेस्टही केली, म्हणजे झडप फुगलेली असताना मिटलेल्या रेषेवर पेनने शाई लावायची आणि मग पाकळी ओढून बघायचं की शाईच्या पलीकडे किती कोरी कड आहे, तेवढी कड एकमेकींना चिकटते, साधारण ८ मिलिमीटर मिळाली तर छान, मला जवळजवळ तेवढी मिळाली. मी फोटो काढला. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकलासुद्धा.

मशीनवर लावली. पहिली दोन मिनिटं ठीक, मग ताई म्हणाली बघा, पी-टू वर यायला लागली. खरंच, दर ठोक्याला केसभर. चौथ्या मिनिटाला जेट सुरू. गाठ सरकली होती. सिरिंजने मी फार तर किती प्रेशर दिलं असेल, आणि एकदाच दिलं, इथे मिनिटाला सत्तर वेळा १२० चा झटका बसतोय. फोटो डिलीट केला पण तोवर दोन जणांनी अंगठा दिला होता.

दुसरा प्रयत्न माझ्या पार्टनरचा, त्याने माझं बघून गाठी बारा मारल्या आणि घाबरून कॉर्ड आखूड बांधली. गाठ हलली नाही. पण पी-टू खाली खेचली गेली, पुढच्या पाकळीला भेटायला वरच येईना, आणि पी-टू पी-थ्रीच्या मधल्या खाचेतून बारीक चिवट लीक. सिरिंज टेस्टला हेही दिसलं नव्हतं, दिसलं असेल तर आम्ही मनावर घेतलं नव्हतं. ती खाच एका टाक्याने बंद केल्यावर कमी झालं, गेलं नाही.

तिसरा दुसऱ्या दिवशी. नवीन हृदय, रिंग ३०, सायझरने मोजून (सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन सायझर ताब्यात ठेवला), कॉर्डची लांबी शेजारच्या शाबूत कॉर्डवरून कॅलिपरने मोजून, गाठ मारण्याआधी एक बारीक क्लिप लावून लांबी धरून ठेवली आणि मग दहा गाठी. अर्धा तास मशीनवर राहिली. फ्रॅक्शन एक आकडी, आणि त्यातलंही बरंचसं झडप मिटताना जे पाणी मागे ढकललं जातं तेच, ते निरोगी झडपेलाही असतं. आम्ही कुणीच फोटो काढला नाही. म्हणजे सुचलंच नाही.

वेळ उरला म्हणून ताईने दोन गोष्टी करून दाखवल्या त्या ब्रोशरमध्ये नाहीत, तुम्ही गेलात तर मागून घ्या. एक, पाकळ्या दोऱ्या सगळं निरोगी ठेवून फक्त मागच्या पॅपिलरीची दांडी पाच-सहा मिलिमीटर बाहेर आणि खाली सरकवली. झडपेला हात नाही लावला, आणि मधोमध लीक. इन्फार्क्टनंतर (हार्ट अटॅकनंतर) व्हेंट्रिकल पसरलं की होतं ते हेच. पेशंटचे नातेवाईक विचारतात, व्हॉल्व्ह चांगला आहे म्हणता मग लीक कसा? आता मला उत्तर देता येईल, आधी मी आकृती काढायचे आणि त्यांना ती कळायची नाही.

दोन, अल्फिएरी टाका. इटलीच्या अल्फिएरींनी १९९१ साली सुरू केलेला, दोन पाकळ्यांच्या कडा मधोमध एकमेकींना शिवून टाकायच्या, झडपेला दोन तोंडं होतात. आज जांघेतून नळी घालून जी क्लिप लावतात, मायट्राक्लिप, अमेरिकेत २०१३ ला मंजूर झाली, ती याच टाक्यावरून निघालेली. करायला दोन मिनिटं लागतात म्हणून आम्हा सगळ्यांचा लाडका. टाकला, लीक धाडकन कमी. आम्ही खूश. ताईने मग वरचा ग्राफ दाखवला, झडप उघडताना ॲट्रियम आणि व्हेंट्रिकलमधला प्रेशरचा फरक, तो वाढला होता. म्हणजे गळती थांबवली पण दारही अरुंद केलं. रिंगशिवाय नुसता टाका घालू नका असं जे सर ओरडतात त्याचंही कारण तिथे दिसलं, दर ठोक्याला दोन्ही पाकळ्या त्या एका टाक्याला दोन बाजूंनी ओढत होत्या, बघवत नव्हतं.

हे असं टेस्टिंग कुणी डोक्यातून काढलेलं नाही, जगात मोठ्या लॅब आहेत. अटलांटाला जॉर्जिया टेकमध्ये अजित योगनाथन यांच्या लॅबने वर्षानुवर्षं हेच केलं, डाव्या हृदयाच्या सिम्युलेटरवर मायट्रल लावून मोजमाप. स्टॅनफर्डला जोसेफ वू यांच्या टीमने थ्रीडी प्रिंट केलेले भाग वापरून स्वतःचं सिम्युलेटर बांधलं आणि ते लोक तर प्रत्येक कॉर्डवर केसासारखा ऑप्टिकल फायबरचा सेन्सर लावून दोरीवर किती ताण येतो ते मोजतात. त्यांचं एक काम आम्हाला दाखवलं: कृत्रिम कॉर्ड खाली पॅपिलरीला बांधली आणि तीच व्हेंट्रिकलच्या टोकाला, अपेक्सला बांधली, तर अपेक्सवाल्या कॉर्डवर ताण जास्त येतो. आता छाती पूर्ण न उघडता, चालू हृदयावर अपेक्समधून कॉर्ड टाकायचं तंत्र आहेच, त्यात सोय मोठी आहे, पण ती दोरी किती टिकेल हा प्रश्न पेशंटवर दहा वर्षं थांबून विचारायच्या आधी असा टेबलावर विचारता येतो. २०२० मध्ये त्यांनी ॲओर्टिक रूटच्या, झडप ठेवून फक्त भोवतालची नळी बदलतात त्या ऑपरेशनच्या, पाच प्रकारच्या ग्राफ्ट अशाच एकमेकांशी लावून बघितल्या. म्हणजे "आमच्या गुरूंनी असंच शिकवलं" या वाक्याच्या पुढे जायची सोय. आमच्या क्षेत्रात हे वाक्य फार चालतं, दर दुसरा सर्जन आपली पद्धत सर्वात चांगली म्हणतो आणि खरं सांगायचं तर दोन पद्धतींची तुलना माणसांवर करणं अवघडच, पेशंट वेगळा, झडप वेगळी, हात वेगळा. डब्यात निदान तीच झडप, तेच प्रेशर, आधी मोज, बिघडव, दुरुस्त कर, परत मोज.

पण डोक्यावर घेऊन नाचण्याइतकंही नाही. मशीनच्या मर्यादा कोर्समध्ये नीट सांगितल्या नाहीत, चहाच्या वेळी ताईला खोदून विचारल्यावर तिने सरळ सांगितल्या म्हणून तिचं कौतुक. पॅपिलरी तिथे दांडीवर टाचलेले असतात, ते आकुंचन पावत नाहीत. ॲन्युलस चकतीला शिवलेला, तोही जागचा हलत नाही, खरा तर दर ठोक्याला आकार बदलतो. सेप्टम (दोन व्हेंट्रिकलमधली भिंत) नाही, आउटफ्लो (रक्त ॲओर्टाकडे जायची वाट) नाही, म्हणजे लहान रिंग टाकल्यावर पुढची पाकळी आउटफ्लोमध्ये ओढली जाते, ज्याला आपण सॅम म्हणतो आणि ज्याने ऑपरेशननंतर घाम फुटतो, ते इथे दिसायचंच नाही. चार तासांनंतर ऊती सलाईन पिऊन फुगते, मग आकडे विश्वासाचे नाहीत, आमच्यानंतरच्या बॅचचं शेवटचं हृदय असं सुजलं होतं.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, ही झडप एका निरोगी डुकराची. पातळ, लवचिक, छान. आमच्या ओपीडीत बसलेली पंचविशीतली बाई लहानपणी ताप येऊन सांधे सुजलेली असते, रुमॅटिक, पाकळ्या जाड, कडा वळलेल्या, कॉर्डे चिकटून आखूड झालेल्या. तिच्या झडपेची दुरुस्ती हे आपल्याकडचं खरं अवघड काम, आणि त्यावर प्रॅक्टिस करायला या कोर्सात काहीही नाही. पी-टूची दोरी कापून केलेलं मॉडेल हा बराचसा युरोप-अमेरिकेतल्या साठीच्या पेशंटचा आजार आहे. मी फीडबॅक फॉर्ममध्ये हे लिहिलं, शेजारच्याने "एक्सलंट" वर टिक करून गिफ्टची पिशवी घेतली.

आणखी एक, अर्धा तास मशीनवर टिकली म्हणजे झडप टिकली असं समजू नका. हृदय मिनिटाला ७० धरलं तरी वर्षाला साडेतीन कोटींच्या वर ठोके देतं. बाजारात येणाऱ्या नव्या टिश्यू व्हॉल्व्हला आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे २० कोटी वेळा उघडझाप करून दाखवावी लागते, मेकॅनिकलला ४० कोटी. त्यासाठी वेगळी वेगवान यंत्रं असतात, महिनोन्‌महिने रात्रंदिवस चालणारी. आपल्या देशातली चित्रा झडप, तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या टीमने केलेली, डिसेंबर १९९० मध्ये पहिल्यांदा माणसात बसली, त्याआधीची कित्येक वर्षं ती अशाच डब्यांमधून, झिजवणाऱ्या यंत्रांमधून आणि मग मेंढ्यांमधून गेली, काही मॉडेलं मधेच मोडली, टीमने परत नव्याने केली. रिंगचा कारखाना असं काही करतो. पण मी हाताने मारलेल्या गाठीला कोण वीस कोटी वेळा ओढून बघणार? ती बघायची जागा म्हणजे पेशंटच.

बाकी किरकोळ. एसी भयंकर, स्वेटर न्या. स्वतःचा लूप (डोळ्यावर लावायचं भिंग) आणि स्वतःचा नीडल होल्डर न्या, त्यांच्यावर राहू नका. पार्किंग आहे. सर्टिफिकेटवर माझं आडनाव चुकलं, दुरुस्त करून मेलवर पाठवतो म्हणाले, तीन आठवडे झाले, दोनदा आठवण केली, अजून आलेलं नाही. पहिल्या दिवशीचं जेवण पोळी, मटकी, भात, शिरा, चांगलं होतं. दुसऱ्या दिवशी तेच पण शिऱ्याशिवाय. कॉफी मशीन आहे पण त्याचा पिस्टन बंद पडलेला, यावर सगळ्यांनी एकच विनोद केला.

कुणी जावं? दुसऱ्या वर्षाच्या आत जाऊ नका, ॲन्युलसवर नीट टाके पडत नसतील तर मशीनवर तुमचे टाकेच गळतील आणि दुरुस्तीचं काही कळणार नाही. त्याआधी मटणवाल्याशी मैत्री करा. कन्सल्टंट लोकांनी मात्र जावं असं माझं मत, खास करून ज्यांना वाटतं आपल्या गाठी सरकत नाहीत. आमच्या बॅचमध्ये एक पन्नाशीचे सर होते, दहा-बारा वर्षं स्वतंत्र प्रॅक्टिस, पहिल्या दिवशी शेवटी थांबून त्यांनी ताईला म्हटलं माझी झडप परत लावा, मी दहा मिनिटं बघतो नुसता. ते खुर्ची ओढून बसले, आणि आमची बस सुटेपर्यंत बसून होते.

बुकिंग करताना टेबल नंबर एक किंवा दोन मागा. मशीनच्या खोलीला ती दोन टेबलं सगळ्यात जवळ आहेत आणि नंबर त्याच क्रमाने लागतो. आठ नंबरवाल्यांना पहिल्या दिवशी फक्त वीस मिनिटं मिळाली, कारण त्यांची पाळी आली तेव्हा पाच वाजून गेले होते आणि मामांना लोकल पकडायची होती.